शेवग्याच्या पाल्यातले फ्लेव्होनॉइड तपासून घेतले : दोन लॅबचा अनुभव

आधीच सांगते, ज्यांना खरेदीदाराला दाखवायला नुसता शिक्क्याचा कागद हवाय, त्यांनी स्वस्तातली लॅब गाठावी. काम होऊन जाईल. आपल्या पाल्यात नक्की काय आहे आणि वाळवताना त्यातलं काय टिकतं, हे ज्यांना समजून घ्यायचंय त्यांच्यासाठी पुढचं सगळं लिहितेय.

आमचा बार्शी तालुक्यात शेवगा आहे. बहुतेक पीकेएम-१, थोडा ओडीसी, या दोन्ही शेवग्याच्या जाती. शेंगांचा भाव पडला की तोडणीची मजुरीही निघत नाही, म्हणून पाला वाळवून पावडर करायला लागलो. एक ट्रे ड्रायर, एक पल्व्हरायझर, चाळण्या आणि पॅकिंगचं टेबल, एवढंच आमचं युनिट. मी केमिस्ट्रीची बीएस्सी. त्यामुळे लॅबवाल्यांशी बोलणं माझ्याकडे, आणि शेत, मजूर, लाइटबिल नवऱ्याकडे, अशी वाटणी झालेली आहे.

घरगुती गिऱ्हाईक पावडरीचा रंग बघतं, चिमूटभर जिभेवर ठेवतं आणि घेतं. कॅप्सूल भरणाऱ्या कंपनीचं तसं नसतं. त्यांच्या खरेदी विभागातून स्पेसिफिकेशनचा कागद आला. ओलावा, राख, जंतू, जड धातू हे सगळं ओळखीचं होतं. खाली एक ओळ होती : एकूण फ्लेव्होनॉइड (वनस्पतींत तयार होणारी एका कुळातली संयुगं), किमान ४ टक्के. कोणत्या पद्धतीने मोजायचे, कशाच्या हिशेबात धरायचे, ओल्या वजनावर की सुक्या, यातलं अवाक्षर नाही. पुढची सगळी धावपळ या एका ओळीने करायला लावली.

दोन्ही लॅबची नावं मी देणार नाही. पहिलीचं दिलं तर भांडण लागेल आणि दुसरीचं दिलं तर जाहिरात वाटेल. दोन्ही पुण्यातल्या, दोन्ही औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यांत. एवढं पुरे.

पहिल्या लॅबची सेवा वरवर बघाल तर एकदम चोख. व्हॉट्सॲपवर दर विचारला, पाच मिनिटांत कोटेशन. बाराशे रुपये अधिक १८ टक्के जीएसटी. पार्सल आपलं आपण पाठवायचं, रिपोर्ट मेलवर. कुणी काही विचारलं नाही. पाला आहे की अर्क, कसा वाळवलाय, आकडा कशासाठी हवाय, एक प्रश्न नाही. आठवड्याभरात एक पानी रिपोर्ट आला : ४८ मिलिग्रॅम प्रति ग्रॅम, म्हणजे ४.८ टक्के. पद्धतीच्या रकान्यात ‘इन-हाउस’. घरात पेढे वाटायचेच काय ते बाकी होते.

खरेदीदाराने मात्र हा रिपोर्ट घेतला नाही. एनएबीएल, म्हणजे लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था, तिची मान्यता असलेल्या लॅबचा आणा म्हणाला. मग दुसरी लॅब शोधली आणि त्याच पोत्यातली, त्याच दिवशी भरून सील केलेली पाकिटं तिकडे पाठवली. त्यांचा आकडा आला १९ मिलिग्रॅम. म्हणजे १.९ टक्के. माल एकच, पोतं एकच, आणि एका कागदावर पास तर दुसऱ्यावर सपशेल नापास.

पहिल्या लॅबला फोन केला. पलीकडून उत्तर, ‘मॅडम, आमचा रिपोर्ट बरोबरच आहे.’ बरं, बरोबर असेल. पद्धत कोणती वापरली ते तरी सांगा. ‘ते आमचं कॉन्फिडेन्शियल असतं.’ पुन्हा विचारलं तर रिटेस्ट करून देतो, निम्मे पैसे लागतील, असं म्हणाले. बाराशे रुपयांत पद्धतीचं नावसुद्धा मिळत नसेल तर त्या आकड्याचं मी करू काय? या लॅबला माझ्याकडून पाचात दीड. दीड कशाचा, तर वेळेत रिपोर्ट दिल्याचा आणि फोन उचलल्याचा.

आता दुसरी लॅब. इथे सॅम्पल पोचल्यावर आधी फोन आला. ॲनालिस्ट मुलगी होती, बोलण्यावरून लातूरकडची वाटली. तिचा पहिला प्रश्न, ‘मॅडम, हा आकडा तुम्हाला कशासाठी पाहिजे? लेबलवर छापायला, खरेदीदाराला द्यायला का स्वतःला बघायला?’ मी स्पेसिफिकेशन वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘मग आधी त्यांना पद्धत विचारून घ्या. नाहीतर आम्ही काय देऊ आणि ते काय धरतील, याचा मेळ बसणार नाही.’ खरेदीदाराने पद्धत कळवली नाही, म्हणून त्यांनी आपल्या नेहमीच्या पद्धतीने करून दिलं आणि ती पद्धत रिपोर्टवर स्पष्ट लिहिली. १९ चा आकडा आल्यावर मी वैतागून फोन केला, तर तिने माझा पाऊण तास शिकवणीवर्गच घेतला. फुकट.

तिने सांगितलं ते माझ्या शब्दांत मांडते, कारण पावडरीच्या धंद्यातल्या प्रत्येकाला हे माहीत असायला हवं.

रंगावरून फ्लेव्होनॉइड मोजण्याच्या दोन पद्धती सर्रास चालतात आणि दोन्हींत ॲल्युमिनियम क्लोराइडच असतं, त्यामुळे लोक त्या एकच समजतात. एकीत अर्कात ॲल्युमिनियम क्लोराइड घालायचं, पिवळा रंग येऊ द्यायचा आणि ४१५ नॅनोमीटरच्या आसपासच्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो ते वाचायचं. यात क्वेरसेटिन, केम्फेरॉल आणि त्यांची साखर जोडलेली रूपं, म्हणजे शेवग्याच्या पाल्यात खरोखर असतात ते फ्लेव्होनॉल, पकडले जातात. दुसरीत आधी सोडियम नायट्राइट, मग ॲल्युमिनियम क्लोराइड, मग कॉस्टिक सोडा. रंग लालसर येतो आणि वाचन ५१० ला. हा लाल रंग येतो तो रेणूच्या कड्यावर शेजारी-शेजारी दोन हायड्रॉक्सिल गट असले की. मग तो रेणू फ्लेव्होनॉइड असो वा नसो.

शेवग्याच्या पाल्यात क्लोरोजेनिक आम्लाची भावंडं भरपूर असतात. ती फ्लेव्होनॉइड नाहीत, पण दुसऱ्या पद्धतीत खुशाल रंग देतात. आणि केम्फेरॉल, जे अस्सल फ्लेव्होनॉइड आहे, त्याच्या त्या कड्यावर एकच हायड्रॉक्सिल असल्यामुळे ते रंगच देत नाही. म्हणजे पंगतीत आगंतुकांची पानं मोजली आणि घरची माणसं उपाशी ठेवली. पहिल्या लॅबने ५१० वालं केलं असणार, आकडा कॅटेचिनच्या (हेही एक फ्लेव्होनॉइड) हिशेबात काढला असणार, हा तिचा अंदाज. मी नंतर पहिल्या लॅबला नेमकं हेच विचारलं, ‘५१० ला वाचता का?’ तर पटकन हो म्हणाले. आपल्याला विचारायचं काय ते कळलं की कॉन्फिडेन्शियल गळून पडतं.

दुसरा घोळ ‘कशाच्या हिशेबात’ याचा. क्वेरसेटिनच्या एका मोलचं वजन ३०२ ग्रॅम आणि रुटिनचं ६१०, कारण रुटिन म्हणजे क्वेरसेटिनच्या पाठीवर दोन साखरा. तोच पिवळा रंग तुम्ही क्वेरसेटिनच्या आलेखावर (शुद्ध नमुन्याच्या ठरावीक मात्रा मोजून काढलेल्या) वाचला तर एक आकडा, रुटिनच्या आलेखावर वाचला तर जवळपास दुप्पट. पानात काडीचाही फरक पडलेला नसतो. मला वाटतं, बाजारात शेवगा पावडरीच्या डब्यांवर जे डोळे दिपवणारे टक्के छापलेले असतात त्यातले निम्मे असेच जन्माला येतात.

तिसरी गोष्ट हिरव्या रंगाची. पानाचा अर्क मुळातच हिरवा असतो आणि हरितद्रव्य ४३० च्या आसपास जोरात प्रकाश शोषतं. म्हणून ॲल्युमिनियम क्लोराइड न घातलेला तोच अर्क वेगळा वाचून वजा करावा लागतो. ही लॅब ते करते आणि रिपोर्टच्या तळटिपेत लिहिते. ओलावाही त्याच पाकिटातला मोजून आकडा सुक्या वजनावर देते. ही असली तळटीप वाचूनच मी ठरवलं की पुढचं काम यांच्याकडेच द्यायचं आणि एकदा जाऊन बघायचं.

बार्शीहून पहाटेच्या एसटीने निघाले. वाटेत उगाच कॉलेजातली बेकर-वेंकटरामन पुनर्रचना आठवत होती. फ्लेव्होन बनवायच्या वाटेवरची ती एक अभिक्रिया, परीक्षेला हमखास येणारी. त्यातले वेंकटरामन म्हणजे कृष्णस्वामी वेंकटरामन, जे पुढे १९५७ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. शिकताना हे कुणी सांगितलं असतं तर त्या बाणांच्या जंजाळात जरा जीव रमला असता. असो.

लॅब बाहेरून अगदी साधी. खाली कुणाचं तरी पत्र्याचं वर्कशॉप, वर ही. रिसेप्शनला सॅम्पल घेणारा मुलगा पाकिटावरचा बॅच नंबर आणि फॉर्मवरचा नंबर बोट ठेवून जुळवत होता. माझ्या एका पाकिटावर पेनाची शाई पुसट झाली होती, तर त्याने मला तिथेच परत लिहायला लावलं आणि सही घेतली. आत जायला एरवी परवानगी नसते. ॲनालिस्टने वरिष्ठांना विचारून घेतलं, ॲप्रन दिला, चपला बदलायला लावल्या.

मला दाखवली ती एचपीटीएलसीची प्लेट. या पद्धतीत अर्कातले घटक प्लेटवर वेगवेगळ्या उंचीच्या पट्ट्यांत सुटे होतात. सिलिकाचा पांढरा थर असलेली काचेची पट्टी, हाताच्या पंजाहून थोडी लांब. यंत्राची बारीक सुई नायट्रोजनच्या फुसफुशीत झोताने त्यावर अर्काच्या आठ मिलिमीटरच्या रेघा मारत जाते. शेजारी रुटिन, क्लोरोजेनिक आम्ल, आयसोक्वेरसिट्रिन यांच्या शुद्ध नमुन्यांच्या रेघा. मग ती प्लेट एथिल ॲसिटेट, फॉर्मिक आम्ल, ॲसेटिक आम्ल आणि पाणी यांच्या मिश्रणात उभी केली. त्या खोलीत व्हिनेगरचा असा भपकारा की डोळ्यांत पाणी आलं. द्रव वर चढला, प्लेट वाळवली, तापवली आणि ३६६ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली ठेवली. सगळ्यात वर हरितद्रव्याचा गडद लाल पट्टा, बाकी बराचसा काळोख. नंतर तिने नॅचरल प्रॉडक्ट्स रीएजंट फवारलं आणि परत दिव्याखाली धरलं.

ते जे दिसलं त्यासाठी एसटीचं तिकीट वसूल झालं. क्वेरसेटिनची रूपं भगवी, केम्फेरॉलची पोपटी, आणि मध्येच क्लोरोजेनिक आम्लाच्या घराण्याचा स्वच्छ निळा पट्टा. हाच तो आगंतुक. पहिल्या रिपोर्टातली जास्तीची भर कुठून आली असेल ते डोळ्यांनी दिसलं. आमच्या पीकेएमच्या आणि ओडीसीच्या रेघा शेजारी-शेजारी होत्या. पट्टे बहुतेक तेच, पण ओडीसीत रुटिनच्या उंचीवरचा भगवा पट्टा ठळक आणि पीकेएममध्ये जेमतेम. मी म्हटलं, मग ओडीसी चांगला का? ती हसली. ‘एका प्लेटवरून जात ठरवू नका. पान कोवळं होतं का जून, कितव्या छाटणीचं होतं, त्यावरही हलतं.’ विकायला बसलेल्या माणसाच्या तोंडून असं वाक्य निघणं दुर्मीळ. तिच्या जागी दुसरा कुणी असता तर मला दोन जातींचा तुलनात्मक अभ्यास म्हणून दहा हजारांचं पॅकेज गळ्यात घातलं असतं.

एचपीएलसीचं यंत्र, म्हणजे अर्क नळीतून ढकलून त्यातले घटक एकेक करून सुटे करणारं आणि मोजणारं, बघायला तसं काही नसतं. फ्रिजएवढा ठोकळा, आत बोटभर लांबीचा स्टीलचा सी-१८ कॉलम, आणि संगणकावर हळूहळू उमटणारी डोंगररांग. एका नमुन्याला पाऊण तास. पण तिने एक गोष्ट दाखवली ती माझ्या डोक्यात बसली. प्रत्येक शिखरावर क्लिक केलं की त्या पदार्थाचा वर्णपट उघडतो. फ्लेव्होनॉलचा असेल तर दोन उंचवटे, एक २५५ ते २६५ च्या दरम्यान आणि दुसरा ३५० च्या आसपास. क्लोरोजेनिक आम्लाचा असेल तर ३२५ ला एकच मोठा, त्याला एक खांदा. म्हणजे नाव माहीत नसलं तरी कूळ कळतं. आमच्या पाल्यात मोठी शिखरं होती ती आयसोक्वेरसिट्रिनची, म्हणजे क्वेरसेटिनला एक ग्लुकोज जोडलेलं रूप, त्याच्याच मॅलोनिल रूपाची (ग्लुकोजला मॅलोनिक आम्लाचा तुकडा जोडलेलं) आणि केम्फेरॉलच्या ग्लुकोसाइडची, ज्याला ॲस्ट्रॅगॅलिन म्हणतात.

मॅलोनिल रूपाचा शुद्ध नमुना त्यांच्याकडे नव्हता. तो महाग येतो आणि मिलिग्रॅममध्ये मिळतो. मग त्यांनी काय केलं? वर्णपटावरून आणि जागेवरून ओळख ‘संभाव्य’ अशी लिहिली, आकडा आयसोक्वेरसिट्रिनच्या आलेखावर काढला आणि तसं काढलंय हे रिपोर्टात छापलं. मला हा रिपोर्ट आवडला तो या ‘संभाव्य’साठी. शिवाय एचपीएलसीची ही चाचणी त्यांच्या एनएबीएलच्या व्याप्तीत बसत नाही, त्यामुळे त्या पानावर एनएबीएलचं चिन्ह येणार नाही, हे पैसे घेण्याआधीच सांगितलं. हे लक्षात ठेवा : लॅबला मान्यता असली म्हणजे तिची प्रत्येक चाचणी मान्यतेत असते असं नाही. एनएबीएलच्या संकेतस्थळावर लॅबची व्याप्ती बघता येते, तिथे आपली चाचणी आहे का ते शोधायचं.

आता ज्यासाठी खरं तर मी हे पैसे घातले ते. एकाच दिवशी तोडलेला, एकाच शेताचा पाला आम्ही वेगवेगळा वाळवला. काही गच्चीवर उन्हात, काही शेडमध्ये जाळीवर सावलीत, काही ड्रायरमध्ये ५० अंशांवर आणि काही ६५ वर. सगळ्यांचं सारखं दळण, सारखी चाळणी, फॉइलच्या पाकिटात सील. रंगाची चाचणी आणि एचपीएलसी दोन्ही करून घेतलं.

उन्हातला माल सगळ्यात खाली, आणि तो रंगावरूनही कळत होता, गवतासारखा पिवळट. त्यात नवल नाही. सावलीचा माल मात्र मला वाटलं होतं त्याहून कमी निघाला. घरोघरी सगळे सावलीत वाळवा म्हणून सांगतात, पण आमचे ते दिवस ढगाळ होते, पाला वाळायला फार वेळ लागला. पान जितका वेळ ओलं राहतं तितका वेळ त्यातली विकरं (एन्झाइम) आपलं काम करत राहतात. कडक कोरड्या हवेत सावली चांगली ठरेलही, पावसाळी हवेत माझा तरी तिच्यावर भरवसा नाही.

मजा पुढे आहे. ५० आणि ६५ अंशांच्या मालात रंगाच्या चाचणीचा आकडा जवळपास सारखाच आला. नवरा खूश, कारण ६५ वर ड्रायर लवकर उरकतो आणि लाइटबिल वाचतं. एचपीएलसीने मात्र वेगळीच गोष्ट सांगितली. ६५ अंशांच्या मालात मॅलोनिलचं शिखर खचलेलं आणि आयसोक्वेरसिट्रिनचं तेवढंच वर आलेलं. मॅलोनिलची कडी उष्णतेने सुटते आणि मागे साधं ग्लुकोसाइड उरतं. क्वेरसेटिनचा सांगाडा जागेवरच, म्हणून रंगाच्या चाचणीला काहीच जाणवत नाही. म्हणजे या दोन शिखरांचं गुणोत्तर बघून माल किती तापलाय ते सांगता येतं. आता दुसऱ्या कुणाकडून सुकी पानं विकत घ्यायची वेळ आली तर मी हेच बघणार. आरोग्याच्या दृष्टीने मॅलोनिल गेल्याने काय बिघडतं, हा प्रश्न मी तिला विचारला. तिने सरळ सांगितलं की ते आमचं काम नाही, आम्ही पानात काय आहे ते सांगतो. या धंद्यात जो तो मधुमेहापासून केस गळण्यापर्यंत सगळ्यावर बोलतो, तिथे हे उत्तर ऐकून बरं वाटलं.

आम्ही शेवटी कॅप्सूलवाल्यांसाठी ५० अंश ठेवलं आणि घरगुती पाकिटांसाठी त्याहून थोडं वर.

मधल्या काळात एक व्यापारी घरी आला होता. आकडा कमी पडतो म्हणता ना, मग थोडं रुटिन मिसळा, कुणाला कळतंय, असा सल्ला देऊन गेला. रुटिन पावडर स्वस्तात मिळते, चीनमधल्या सोफोरा झाडाच्या कळ्यांतून काढलेली. गिंको या औषधी झाडाच्या पानांच्या अर्कात ही भेसळ जगभर पकडली गेलीय. त्याचं कारणही सोपं. तिथे फ्लेव्होनॉइड २२ ते २७ टक्के हवेत असं फार्माकोपियाने (औषधांच्या अधिकृत मानकग्रंथाने) ठरवून दिलंय. अर्क आम्लात उकळून साखरा तोडायच्या आणि उरलेलं क्वेरसेटिन, केम्फेरॉल, आयसोऱ्हॅम्नेटिन मोजायचं. रुटिन घातलं की क्वेरसेटिन वाढतं आणि बेरीज जुळते. पण त्याच एचपीटीएलसी प्लेटवर हा प्रकार लपत नाही, रुटिनचा पट्टा भलताच जाड होतो आणि बाकीचे आपल्या जागी बारीक राहतात. मी व्यापाऱ्याला चहा पाजला आणि प्लेटचा फोटो दाखवला. नंतर तो आला नाही.

दुसऱ्या लॅबच्याही तक्रारी आहेत, उगाच कौतुक नको. वेळ पाळत नाहीत. सात कामाचे दिवस सांगतात आणि त्याच्या दुपटीच्या जवळ जातात. कॉलम खराब झाला, स्टँडर्ड यायचंय, अशी कारणं. खरीच असतात, पण कळवायला आपणच फोन करायचा. पहिल्या रिपोर्टात वनस्पतीच्या लॅटिन नावात एक अक्षर गाळलं होतं. एवढ्याशा चुकीवर खरेदीदार कागद परत पाठवतो. दुरुस्ती करून दिली, पण सुधारित रिपोर्टला नवा नंबर, मग जुना रद्द झाल्याचं पत्र, अशी कागदांची माळ लागली. अकाउंट्सचा विभाग तर वेगळ्याच कंपनीचा वाटतो. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट पाठवूनसुद्धा ‘पेमेंट पेंडिंग’चे मेल येत राहतात आणि तोवर रिपोर्ट अडवून ठेवतात.

आणि दर. रंगाची चाचणी दोन हजारांच्या घरात, एचपीटीएलसीची प्लेट चार हजार, एचपीएलसी नमुन्याला साडेपाच. सगळ्यावर जीएसटी. आमच्यासारख्या छोट्या युनिटला हे जडच जातं. त्यातल्या त्यात एक सोय आहे जी ते आपणहून सांगत नाहीत : एचपीटीएलसीचा दर प्लेटचा असतो, नमुन्याचा नाही. एका प्लेटवर बऱ्याच रेघा मावतात. आम्ही आता तालुक्यातले ओळखीचे दोघे-तिघे पावडरवाले मिळून नमुने पाठवतो आणि खर्च वाटून घेतो. लॅबला बिल एकाच्या नावाने लागतं, तेवढं आपसात ठरवून घ्यायचं.

खरेदीदाराचं काय झालं? त्यांच्या गुणवत्ता विभागातल्या माणसाला मी दुसऱ्या लॅबचा सगळा रिपोर्ट पाठवला आणि विचारलं की तुमचे ४ टक्के कोणत्या पद्धतीचे. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं की आधीच्या पुरवठादाराच्या कागदावरून तो आकडा घेतला होता. त्या पुरवठादाराची पद्धत शोधली तर तीच, ५१० वाली. ॲनालिस्ट तासभर त्यांच्याशी ऑनलाइन बोलली, त्याचे पैसे घेतले नाहीत. आता त्यांच्या कागदावर लिहिलंय : एकूण फ्लेव्होनॉइड किमान १.५ टक्के, क्वेरसेटिनच्या हिशेबात, सुक्या वजनावर, ॲल्युमिनियम क्लोराइड पद्धत, ४१५ नॅनोमीटर. सोबत एचपीटीएलसीचा फोटो बंधनकारक. आमचा माल त्यात आरामात बसतो.

दुसऱ्या लॅबला पाचात चार. अर्धा गुण उशिराचा कापला, अर्धा अकाउंट्सवाल्यांचा.

पाठवणाऱ्यांसाठी दोन-चार गोष्टी. निदान शंभर ग्रॅम पाठवा आणि तेवढंच त्याच बॅचचं सील करून स्वतःकडे ठेवा. पारदर्शक पिशवी नको, फॉइल वापरा. फॉर्मवर पद्धत आणि हिशेब कशाचा हवा ते स्वतः लिहा, रकाना नसेल तर शेऱ्याच्या जागेत लिहा. शनिवारी ते दुपारपर्यंतच सॅम्पल घेतात, त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी एसटीच्या पार्सलला टाकलेला माल कधी कधी सोमवारपर्यंत स्टँडवरच पडून राहतो. उन्हाळ्यात तर मुळीच टाकू नका.